गेम डेव्हलपमेंटची डिग्री, नवी मुंबई: तीन वर्षं शिकून झाल्यावरचा रिव्ह्यू

बारावीचा निकाल लागला आणि आठवड्याभरात चार फोन आले, चारही आयांचे, आमचा मुलगा दिवसभर गेमच खेळतो त्याला तुझ्या कॉलेजात घालू का. फोनवर दरवेळी अर्धवटच सांगून होतं म्हणून इथे एकदा नीट लिहितो. खासगी युनिव्हर्सिटी, नवी मुंबईत, बीएससी गेम डेव्हलपमेंट, माझी बॅच २०२२ ते २०२५. नाव टाकत नाहीये कारण माझे दोन मित्र इथल्याच दुसऱ्या कॉलेजांत हेच शिकले आणि त्यांच्या तक्रारी ऐकल्या तर आमच्याच वाटतात.

फी वर्षाला २.५ लाख, वर लॅपटॉप. पुण्याच्या स्टुडिओचा राजी हा गेम २०२० मध्ये आला तेव्हा मी नुकताच दहावी झालो होतो, भावाला शोधत निघालेली मुलगी, आपल्याकडची पुराणं, आपल्याकडचे वाडे-महाल, हे बघून मी ठरवलं होतं की हेच करायचं. त्यामुळे ओपन डेला व्हीआर हेडसेट आणि मोठे मॉनिटर दाखवले तेव्हा घरच्यांना पटवायला मला एवढंच पुरलं. ते हेडसेट पुढे तीन वर्षांत दोनदा कपाटातून बाहेर आले, दोन्ही वेळा पाहुणे येणार होते म्हणून.

पहिलं वर्ष सरळ सांगतो, वाईट गेलं. गेमप्लेची व्याख्या लिहा, गेमचे प्रकार सांगा, असले पेपर. इंजिन, म्हणजे ज्यावर गेम बनवतात ते सॉफ्टवेअर, शिकवायला आलेले व्हिजिटिंग सर सेमिस्टरच्या मध्येच गेले आणि नवीन यायला दीड महिना लागला, तोवर आम्ही यूट्यूब बघून शिकलो. गिट, म्हणजे कोडच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं (व्हर्जन कंट्रोल) सॉफ्टवेअर, कोणीच शिकवलं नाही, दुसऱ्या सेमिस्टरला दोघांनी एकच सीन फाइल पेनड्राइव्हवरून एकमेकांवर कॉपी केली आणि नऊ दिवसांचं काम गेलं. रडूच आलं होतं खरं सांगायचं तर. प्रोग्रॅमिंग शिकवताय आणि व्हर्जन कंट्रोल सिलॅबसमध्येच नाही हे मला अजूनही पटत नाही.

पण त्याच वर्षी मॅथ्सच्या मॅडम भेटल्या आणि या एका गोष्टीसाठी मी फीचा अर्धा भाग वसूल झाला असं म्हणेन. आमच्यातल्या निम्म्या पोरांना वाटत होतं की गणितातून सुटका म्हणून इकडे आलोय. मॅडमनी व्हेक्टर, म्हणजे दिशा आणि अंतर दाखवणारे बाण, फळ्यावर कमी आणि चालू गेममध्ये जास्त शिकवले. एकदा माझा कॅरेक्टर लॅबच्या पीसीवर नुसता सुसाट सुटला, माझ्या लॅपटॉपवर तोच गेम रांगत होता, कोड एकच. मॅडमनी फक्त विचारलं, लॅबमध्ये सेकंदाला किती फ्रेम येतात, तुझ्याकडे किती? फ्रेम म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं. लॅबमध्ये १४४, माझ्याकडे ३०. मी दर फ्रेमला ठराविक अंतर पुढे ढकलत होतो, म्हणजे तिथे जवळजवळ पाचपट पळणारच, डेल्टा टाइमने, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळेने, गुणलंच नव्हतं. तो धडा व्हिडिओत आधी तीनदा ऐकला होता पण डोक्यात शिरला तो त्या दिवशी.

दुसऱ्या वर्षात सप्टेंबर २०२३ ला युनिटीनं, म्हणजे आम्ही शिकत होतो त्या इंजिनच्या कंपनीनं, जाहीर केलं की एका मर्यादेपुढे गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितके पैसे डेव्हलपरकडून घेणार. वर्गात नुसता गोंधळ, ज्या इंजिनवर सगळं शिकतोय तेच सोडावं लागणार की काय. तेव्हा आमच्या नवीन सरांनी सिलॅबस बाजूला ठेवून दोन आठवडे दिले, एक छोटा गेम गोडो या दुसऱ्या इंजिनवर पुन्हा बनवा. गोडो फुकट आहे, ओपन सोर्स आहे, बटणं वेगळी, भाषा वेगळी, तरी दहा दिवसांत आमचा गेम उभा राहिला. वर्षभराने युनिटीनं ती फी मागे घेतली, पण तोवर आमची भीती गेली होती. एक इंजिन नीट समजलं की दुसरं उचलता येतं. हे सरांनी सिलॅबसबाहेर जाऊन केलं याबद्दल त्यांना मनापासून धन्यवाद.

आता शेवटच्या सेमिस्टरबद्दल, कारण खरं शिक्षण तिथे झालं. पाच जणांची टीम, त्यात पहिल्यांदाच ॲनिमेशनचे दोघं. तोपर्यंत ते वरच्या मजल्यावर, आम्ही खाली, अडीच वर्षं एकमेकांची तोंडं कॅन्टीनमध्येच बघितली होती. गेम बनतोच मुळी कोड, चित्र आणि आवाज एकत्र आले की, मग पहिल्या वर्षापासून एकत्र का नाही बसवत?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या दोन्ही टीम जिंकल्या, आणि ट्रेनमध्ये ठरलं की खो-खोचाच गेम करायचा. ट्रान्सहार्बरला ठाण्यापासून नेरूळपर्यंत आमची मीटिंगच चालायची. शाळेत खेळलेला खेळ, सोपा असेल असं वाटलं होतं. आठ जण बसलेले, एकाआड एक उलट तोंडं, खो मिळाला की उठणारा त्याचं तोंड असेल त्याच बाजूने पळणार, मधली रेषा ओलांडायची नाही, एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचं नाही. मागे वळला हे कॉम्प्युटरला कळणार कसं? तर मॅडमनी शिकवलेला डॉट प्रॉडक्ट, म्हणजे दोन व्हेक्टरांचा एक प्रकारचा गुणाकार. धरलेली दिशा एक व्हेक्टर, आत्ता पळतोय ती दिशा दुसरा, गुणाकार निगेटिव्ह आला की फाऊल. ज्या दिवशी ते चाललं त्या दिवशी आम्ही लॅबमध्ये जाम ओरडलो.

मग आमच्या टीममधल्या एकीच्या बाबांच्या जुन्या अँड्रॉइडवर टाकलं आणि दर थोड्या वेळाने अडकायला लागलं. ६० फ्रेम हव्या तर एका फ्रेमला साधारण १६ मिलिसेकंदच मिळतात, आणि आम्ही पायाखालची धूळ दर पावलाला नवीन बनवत होतो नि टाकून देत होतो, तो कचरा साफ करताना गेम थांबायचा. धुळीचे चाळीस ढग आधीच बनवून तेच फिरवून वापरले आणि ते अडकणं बंद झालं. लॅबच्या महागड्या पीसीवर हे आयुष्यात कळलं नसतं.

प्लेसमेंटचं सांभाळून ऐका. माहितीपत्रकात गेमिंगमधल्या नोकऱ्या म्हणून जे आकडे असतात त्यात कस्टमर सपोर्टही मोजलेला आमच्या बॅचने बघितलाय. दोघं पैसे लावून खेळायच्या ॲपवाल्यांकडे लागले, ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि दोघंही घरी बसले, त्यांची काही चूक नव्हती. मला वागळे इस्टेटमधल्या छोट्या स्टुडिओत लागलं, पगार २५ हजार. इंटरव्ह्यूला त्यांनी आमचा खो-खो पाच मिनिटं खेळला आणि विचारलं, बटण दाबल्यावर खो उशिरा का लागतो? मी सांगितलं की आम्ही हात पुढे जायचं ॲनिमेशन संपेपर्यंत थांबतो. मग तिथेच बसून ते बदलायला लावलं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा आणखी दिला असता, पण लॅब साडेपाचला बंद व्हायची. शेवटच्या महिन्यात सिक्युरिटीच्या काकांनी स्वतःच्या जबाबदारीवर नऊपर्यंत बसू दिलं म्हणून गेम पूर्ण झाला.

बघायला जाल तेव्हा मागच्या बॅचचे पूर्ण झालेले गेम मागा, ट्रेलर नको, हातात घेऊन खेळायला मागा. लॅब किती वाजता बंद होते ते विचारा. लुडो किंगवाले गेमेशन आपल्या नवी मुंबईचेच, इथल्या असल्या स्टुडिओंत पोरांना कधी नेलंय का तेही विचारा, आम्हाला कधी नेलं नाही. आणि आयांनो, फी भरायच्या आधी मुलाला दोन महिने गोडोवर एक छोटा गेम बनवू द्या, मेनू आणि आवाजासकट, शेवटपर्यंत. अडकला तर मला फोन करायला सांगा, रविवारी मी घरीच असतो.