जेनबँक: वापरायला एक नंबर, वाटणीचं मात्र बघायला हवं

बडोद्यात मायक्रोबायोलॉजी शिकणारी आपली बरीच मराठी मुलं आहेत, त्यांच्यासाठी लिहितेय. मातीतला जीवाणू वेगळा केला, त्याचं १६ एस सिक्वेन्सिंग (जीवाणू ओळखायच्या जीनमधल्या डीएनएचा क्रम वाचणं) करून आणलं की पुढचं काम जेनबँकवरच, म्हणजे डीएनए सिक्वेन्सच्या सगळ्यांना खुल्या ऑनलाइन साठ्यावर, सिक्वेन्स ब्लास्टमधे (मिळतेजुळते सिक्वेन्स शोधायच्या तिथल्या साधनात) टाकायचा आणि त्याचे जवळचे नातेवाईक कोण ते थोड्या वेळात समोर येतं. शोधायला लॉगिन नाही, पैसे नाहीत, दांडिया बाजारात घरी बसून जुन्या लॅपटॉपवरसुद्धा चालतं. १९८२ पासून अमेरिकेत चालूय आणि युरोप, जपानच्या बँकांशी रोज डेटाची देवाणघेवाण होते. सोयीला पाचपैकी पाच.

तरी एकूण चारच स्टार देतेय. डाउनलोड करणारा कॉलेजचा मुलगा आहे की औषध कंपनी, हे इथे कोणी विचारत नाही, आणि कंपनीला आता झाडपाला न्यायचीही गरज नाही, सिक्वेन्स मिळाला की पुष्कळ वेळा भागतं. झाडं-जीवाणूंपासून झालेला फायदा मूळ देशाशी वाटून घ्यायचा असं सांगणारा २०१० चा नागोया करार झाला तो प्रत्यक्ष नमुन्यांसाठी, त्यात सिक्वेन्स धरायचा का ह्यावर देशांचे वर्षानुवर्षं वाद. मग छोटा उदेपूरकडच्या राठवा लोकांनी सांभाळलेल्या एखाद्या झाडाच्या सिक्वेन्सवरून उद्या कोणी क्रीम काढलं तर त्यांना काय मिळणार?

म्हणून डेटाला कुलूप लावा म्हणतात काहीजण, ते मला अजिबात पटत नाही, फी लागली तर आधी आपलीच मुलं बाहेर पडतील. २०२४ मधे कोलंबियात काली शहरात संयुक्त राष्ट्रांच्या जैवविविधता परिषदेत ठरलं ते मला जास्त रास्त वाटतं. डेटा उघडाच राहील, पण औषधं, कॉस्मेटिक्स, बियाणं असल्या धंद्यातल्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा १ टक्का नाहीतर उत्पन्नाचा ०.१ टक्का काली फंडात टाकायचा आणि निदान अर्धा पैसा आदिवासी आणि स्थानिक लोकांसाठी. एका प्रॉडक्टमागे कितीतरी सिक्वेन्स असतात, प्रत्येकाचं मूळ गाव शोधत बसलं तर कोणाला दमडी मिळणार नाही, त्यापेक्षा हे बरं. फंड फेब्रुवारी २०२५ मधे सुरूही झाला, पण कंपन्यांनी पैसे द्यावेत एवढंच म्हटलंय, सक्ती नाही, आणि सरकारांनी आपापल्या देशात कायदा केल्याशिवाय मोठ्या कंपन्या मनापासून देतील असं मला नाही वाटत.

अजून एक, जुन्या कितीतरी नोंदींमधे नमुना कुठल्या देशातला तेच नाही. नव्यांना आता देश आणि तारीख मागतात, पण तुम्ही नुसतं भारत लिहून थांबू नका, गुजरात, जिल्हा, गाव सगळं भरा, त्या रकान्यात जागा असते.