क्वार्ट्झ म्हणून गळ्यात मारलेला कट्टा

निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात कुणाचं घर बांधायचं चाललं असेल आणि किचन कट्ट्याला पांढरा क्वार्ट्झ (गारगोटीच्या चुऱ्यापासून बनवलेला दगड) टाकायचा विचार असेल तर आधी हे वाचा. आमचे साडेचौतीस हजार गेलेत.

आम्ही निपाणीत राहतो, पण फरशी, टाइल्स, लाइट सगळी खरेदी कोल्हापूरला, इकडं सगळे तसंच करतात, हायवेनं पाऊण तासात पोचतो आणि भाषेचंही टेन्शन नाही. सासूबाई म्हणत होत्या काळा ग्रॅनाइट टाका, डोक्याला ताप नाही. पण मला पांढराच कट्टा पाहिजे होता, मोबाइलवर बघून बघून डोक्यात बसलेला. दुकानदारानं हाताएवढा सॅम्पल तुकडा दिला, म्हणाला, "वैनी, घरी न्या, लिंबू पिळा, हळद लावा, काय वाट्टेल ते करा." मी खरंच केलं की. रात्रभर लिंबू आणि हळद लावून ठेवलं, सकाळी पुसलं, एकदम लख्ख. म्हटलं झालं, हाच पाहिजे. भाव 650 रुपये फूट, 38 फूट भरलं, वर कडा घासायचे, सिंकचं कटिंग आणि फिटिंगचे वेगळे.

इथंच चुकलो. आम्ही बघितला तो सॅम्पल, अख्खा स्लॅब बघितलाच नाही. माल आला तो मापात कापूनच आला, फक्त सिंकचं भोक आमच्या दारात पाडलं. मागं कंपनीचा छाप नाही, स्टिकर नाही. बिलावर काय लिहिलंय? 'स्टोन वर्क, 1 नग'. आमचे हे म्हणाले राहू दे, माणूस ओळखीचा आहे.

गृहप्रवेश फेब्रुवारीत झाला. पहिला डाग हळदीचा पडला, गॅसच्या शेजारी, फोडणीचं तेल सांडलं होतं. मी साबण लावला तर पिवळ्याचा लालच झाला, जीवच गेला माझा, मग आठवलं की कुंकू असंच तर करतात, हळदीला चुना लावून. साबणातला खार लागला की हळद लाल होते, नुसत्या पाण्यानं धुतलं की परत पिवळी. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळतो. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणलं, गॅस बंद करून, खिडकी उघडून कापसानं पुसलं, बरंच गेलं. राहिलेल्यावर हायड्रोजन परॉक्साइडमध्ये भिजवलेला टिश्यू ठेवला, वर प्लॅस्टिक, चार तास, बाकीचं तेही गेलं. खूश झाले मी.

खरी गंमत एप्रिलमध्ये. उन्हाळा, रोज लिंबू सरबत. एक दिवस कट्ट्यावर ग्लासाच्या बुडाएवढं गोल दिसलं, मला वाटलं पाणी वाळलंय, पुसलं, जाईना. बोट फिरवलं तर तेवढीच जागा खरखरीत, बाकी गुळगुळीत. रात्री लाइट तिरका पडला तेव्हा बघितलं तर सगळ्या कट्ट्यावर असे निस्तेज ठिपके, चिंचेचा कोळ सांडलेला तिथं, टोमॅटो चिरलेला तिथं, दही लावलं तिथं. हा डाग नव्हताच, वरनं काही बसलं नव्हतं, दगडच खाल्ला गेला होता, मग स्पिरिट लावून जाणार कुठनं?

दुकानात फोन केला तर म्हणे, "वैनी, तुमच्याकडं आंबट-तिखट फार चालतं, सीलर मारावा लागेल, म्हणजे छिद्रं बुजवणारा थर." पोरगा आला, बाटली 2200 रुपये, सगळ्यावर मारून गेला. पंधरा दिवस चकाचक. मग सिंकजवळ तो थर सुटायला लागला आणि त्याच्याखाली हळद शिरली, ती तर आता निघतच नाही. नंतर कळलं की खऱ्या क्वार्ट्झला सीलर लागतच नाही, त्याला आत पाणी शोषायला छिद्रंच नसतात. म्हणजे सीलर मारायला आला तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

शेवटी आमच्या गल्लीतल्या फरशी पॉलिशवाल्या मामांना बोलावलं. त्यांनी कट्ट्याला हातसुद्धा लावला नाही, विचारलं, सिंकचा कापलेला तुकडा ठेवलाय का? होता, तुळशीपाशी दिवा ठेवायला घेतला होता मी. मामांनी तो उलटा केला, सुरीच्या टोकानं खरवडला, पांढरी पिठी निघाली. त्या पिठीवर लिंबू पिळलं. बारीक बारीक बुडबुडे, सोड्यासारखे. म्हणाले, "ताई, हा मार्बलचा चुरा आहे, डिंक घालून थापलेला." मग माझा सॅम्पल तुकडा घेतला, तीच सुरी जोर लावून ओढली, दगडावर ओरखडा नाही, उलट सुरीचंच लोखंड करड्या रेघेसारखं दगडाला लागलं. क्वार्ट्झ सुरीपेक्षा कडक असतो, मार्बल मऊ. खऱ्या मालात वजनानं साधारण 90 टक्क्यांच्या वर गारगोटीचा चुरा आणि बाकी रेझिन, म्हणजे तो डिंक. आमच्यातही रेझिन होतं, गारगोटीच नव्हती. दुसऱ्या दुकानात याच मालाचा भाव अडीचशे सांगितला.

(सिंकचं भोक पाडताना ती पोरं तोंडाला रुमाल बांधून कोरडंच कापत होती, सगळं अंगण पांढरं. क्वार्ट्झची ती धूळ छातीत जाऊन सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, ऑस्ट्रेलियानं तर 1 जुलै 2024 पासून हा दगडच बंद केला. माझ्याकडं खोटा माल आला म्हणून त्या दिवशी तरी पोरं थोडी वाचली म्हणायची.)

दुकानदार आता फोन उचलत नाही. सगळे म्हणाले दुकान महाराष्ट्रात, तुम्ही कर्नाटकात, सोडून द्या. तसं नाही ओ. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे माल कोल्हापूरचा असला तरी आम्हाला बेळगाव चालतं. दोन वर्षांच्या आत करायची, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला, मग शेजारच्या कानडी मॅडमनी बसून अर्ज कानडीत लिहून दिला, आमची कानडी बाजारापुरतीच. अडचण एकच, बिलावर क्वार्ट्झ शब्द कुठंच नाही. आमच्याकडं आहे ते व्हॉट्सअपवरचं त्याचं कोटेशन, त्यात 'क्वार्ट्झ 650' लिहिलंय, ते डिलीट केलं नव्हतं ते नशीब.

तुम्ही घेणार असाल तर स्लॅब न कापलेला बघा, मागचा छाप आणि नंबर फोटोत घ्या, बिलावर क्वार्ट्झ आणि कंपनीचं नाव लिहून घ्या आणि सिंकचा तुकडा मागून घ्या, तो तुमचाच आहे. ज्यांचा खरा आहे त्यांनीही कुकर गॅसवरनं थेट ठेवू नका, रेझिन जळून डाग पडतो नाहीतर तडा जातो, आणि हार्पिक, ब्लीच, तारेची घासणी लावू नका.

आमचं सध्या असं चाललंय की लिंबू ताटात कापायचं, सरबत डायनिंग टेबलवर करायचं, आणि मिक्सरखाली रबरी मॅट टाकलीय, तिच्याखालचा सगळ्यात मोठा गोल पाहुण्यांना दिसत नाही. तो तुकडा आणि सॅम्पल एका पिशवीत बांधून कपाटात ठेवलेत, तारीख पडली की बेळगावला घेऊन जायचे. सासूबाईंनी अजून ग्रॅनाइटचं नाव काढलेलं नाही, पण लिंबू चिरताना माझ्याकडं एकदा बघतात.