राख की लाल चिखल? आधी तेल ठरवा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला ‘टाकाऊपासून उत्प्रेरक’ असा विषय घेतला की पहिला पेच हाच: औष्णिक केंद्राची राख घ्यायची की ॲल्युमिना कारखान्याचा लाल चिखल? मी उलट विचारतो, या उत्प्रेरकानं ज्या सुगंधी तेलावर अभिक्रिया करायची, ते तेल तुमच्याकडे कुठलं आहे?

सिट्रोनेलाचं असेल तर बिनधास्त राख. कोराडी, चंद्रपूर, परळी... महाराष्ट्रात तिला तोटा नाही. चिमूटभर सूक्ष्मदर्शकाखाली धरा, काचेच्या गुळगुळीत गोट्या दिसतील; पाण्यात टाकलीत तर त्यातल्या पोकळ गोट्या तरंगतात. सगळा सिलिका-ॲल्युमिनाचा कारभार. मूळ राख तशी थंडच, म्हणजे निष्क्रिय. सल्फ्युरिक ॲसिडात मुरवून भट्टीत भाजली की अंगी आम्लता येते, मग तेलातल्या सिट्रोनेलालचा रेणू स्वतःवरच वळतो आणि आयसोपुलेगॉल मिळतं. त्याला हायड्रोजन दिला की मेंथॉल. आम्लता अति झाली तर मात्र आयसोपुलेगॉलमधलं पाणीच निघून जातं आणि तळाशी चिकट राळ उरते.

गवती चहाच्या तेलाला ही राख दाखवूही नका. त्यात 70-80 टक्के सिट्रल, आणि ते आम्लात नको असलेल्या पॅरा-सायमीनकडे घसरतं. सिट्रल ॲसिटोनशी जोडून स्यूडोआयोनोन (सुगंधद्रव्यांचा कच्चा माल) करायचं तर अल्कली हवी. ती लाल चिखलात आयतीच असते, कारण बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढताना वापरलेला कॉस्टिक सोडा त्यात राहून जातो. सामू 10 ते 13. आपल्याला जवळचा कारखाना बेळगावचा. हातमोजे घालाच: 2010 मध्ये हंगेरीत आयका इथे याचा तलाव फुटला, माणसं भाजली, 10 दगावली. गाळायला तर हा महाचिवट, गाळणकागदच बुजतो. माझ्या एप्रनवरचे विटकरी डाग अजून आहेत.

एक चाचणी चुकवू नका. चिखल पाण्यात ढवळून गाळा आणि फ्लास्कमध्ये नुसतं ते गाळलेलं पाणी वापरा. तेवढंच उत्पादन मिळालं, तर काम सुटलेल्या कॉस्टिकनं केलंय, चिखलानं नाही. परीक्षकाला हे बरोबर सुचतं. राखवाल्यांना तो विचारेल, धुण्यातलं ॲसिड कुठे ओतलंत?

लवंगेचं तेल असेल तर दोन्ही डबे बाजूला ठेवा. त्यातलं मुख्य द्रव्य युजेनॉल स्वतःच किंचित आम्लधर्मी, चिखलातली अल्कली तेच खाऊन टाकतं.