फोर्ट कोची-मट्टनचेरी: आधी वार बघा, मग तिकीट काढा

कोचीचा जुना भाग नीट बघायचा तर सोमवार ते गुरुवार यांतलाच दिवस धरावा. शुक्रवारी मट्टनचेरीचा राजवाडा बंद असतो, शनिवारी ‘परदेशी सिनेगॉग’ हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतरही मिळत नाही. रविवारी सकाळी सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये प्रार्थना असते आणि मट्टनचेरीतल्या बाजार रोडवरच्या बहुतेक मसाल्याच्या वखारींना कुलूप असतं.

एर्नाकुलमहून, म्हणजे शहराच्या मुख्य भूमीकडच्या भागातून, टॅक्सी करू नका, पुलांवरून वळसा पडतो. हायकोर्ट धक्क्यावरून वॉटर मेट्रो ही शहरी बोटसेवा थेट फोर्ट कोचीला सोडते. सरकारी बोट याहून स्वस्त. तिच्यात वारा अंगावर घेत बसता येतं.

धक्क्यापासून मासेमारीची प्रसिद्ध चिनी जाळी चालत काही मिनिटांवर आहेत. सूर्यास्ताच्या फोटोसाठी गर्दी होते, पण जाळं चालताना बघायचं असेल तर सकाळी भरतीच्या वेळी जा. लांब वाशांच्या एका टोकाला जाळं, दुसऱ्याला दोरांनी लोंबणारे दगड. तोल इतका साधलेला की एक माणूस मुख्य वाशावरून पुढे चालत गेला की जाळं पाण्यात उतरतं. वर ओढायला मात्र चार-पाच जण लागतात. दोर ओढायला बोलावलं तर नंतर पैसे मागतात, आकडा आधीच ठरवा.

सेंट फ्रान्सिस चर्चला अर्धा तास पुरे. वास्को द गामा 1524 साली कोचीत वारला आणि इथेच पुरला गेला. पुढे अवशेष लिस्बनला नेले. उत्तरेच्या भिंतीत पोर्तुगीज, दक्षिणेच्या भिंतीत डच थडग्यांचे दगड बसवलेत, ते वाचावेत. छताला टांगलेले दोरीने ओढायचे कापडी पंखेही चुकवू नका.

खरा ऐवज मट्टनचेरीत आहे, निम्म्याहून जास्त वेळ तिथेच द्या. राजवाड्याला सगळे ‘डच पॅलेस’ म्हणतात, पण तो सोळाव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगीजांनी कोचीच्या राजाला बांधून दिला. डचांनी 1663 नंतर डागडुजी केली. शयनगृहाच्या भिंतींवर रामायण चितारलंय. फोटोला बंदी आहे आणि उजेड मंद, त्यामुळे डोळे सरावेपर्यंत थांबा, मग चित्रांतल्या गर्दीतले चेहरे एकेक करून सुटे होतात. जिना उतरून खालच्या राणीवशाच्या दालनांत जायला बरेच लोक विसरतात. गोवर्धन उचललेला कृष्ण तिथे आहे, आणि आमच्या मते अख्ख्या वाड्यातलं सर्वांत जिवंत काम तेच.

सिनेगॉग (1568) तिथून चालत पाच मिनिटांवर. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, चप्पल बाहेर. सभागृह लहान आहे, सहलीची एक बस आली की पायाखालच्या हाताने रंगवलेल्या निळ्या चिनी फरशा दिसेनाशा होतात. म्हणून दहाला दार उघडताच आत शिरा, राजवाडा त्यानंतर.

सिनेगॉगभोवतीच्या ज्यू टाऊनमधल्या दुकानांतल्या ‘जुन्या’ वस्तू बहुतांशी नव्याच घडवलेल्या असतात. आवडली तर नव्याच्या भावाने घ्या. त्यापेक्षा सुंठ-मिरीच्या वासाने भरलेल्या बाजार रोडवरून पायी चला. मट्टनचेरीच्याच चेरलाई भागात तिरुमल देवस्वम मंदिराभोवती कोंकणी बोलणारी वस्ती आहे, मराठी माणसाला रस्ता विचारायला अडचण येत नाही.

रिक्षावाले कमिशनच्या दुकानांत थांबवतात. बसण्याआधीच ‘दुकान नको’ सांगून भाडं ठरवा. जून ते सप्टेंबर पावसात पायी फिरणं जड जातं. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.