एक्स्चेंजची नवी आवृत्ती की भाड्याची मेलसेवा: शिरोलीतील एका फौंड्रीच्या गरजेतून केलेली तुलना

एक्स्चेंज सर्व्हर हे कार्यालयाची मेल स्वतःच्या यंत्रावर चालवण्याचे मायक्रोसॉफ्टचे सॉफ्टवेअर. त्याच्या २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांची आधाराची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तरीही कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील माझ्या परिचयाच्या काही कारखान्यांत मेल अजून २०१६ वरच चालू आहे. त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, कारखान्यातच नव्या सर्व्हरवर एक्स्चेंजची सबस्क्रिप्शन एडिशन बसवणे. दुसरी, सर्व मेलबॉक्स बाहेरच्या एखाद्या मेलसेवेकडे भाड्याने ठेवणे. शिरोलीतील एका फौंड्रीची मेलव्यवस्था मी सांभाळतो आणि ही निवड आमच्याकडे नुकतीच झाली आहे. आमची गरज तीच सर्वांची असेल असे नाही, एवढे मनात ठेवून पुढील मजकूर वाचावा.

नव्या आवृत्तीची वाट आम्ही पुष्कळ पाहिली. पुढची आवृत्ती २०२१ च्या उत्तरार्धात येईल, असे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केले होते. मार्च २०२१ मध्ये जगभरच्या एक्स्चेंज सर्व्हरांवर मोठे हल्ले झाले, सुरक्षेचे काम आधी हाती घ्यावे लागले, आणि जून २०२२ मध्ये कंपनीने थेट २०२५ चा उत्तरार्ध सांगितला. १ जुलै २०२५ रोजी ती आवृत्ती, म्हणजेच सबस्क्रिप्शन एडिशन, आली तेव्हा तिच्यात नवी सोय अशी काहीच नव्हती: नाव, बिल्ड क्रमांक आणि परवान्याचा करार सोडला, तर ती २०१९ च्या पंधराव्या क्युम्युलेटिव्ह अपडेटसारखीच (म्हणजे तोवरच्या सुधारणांच्या एकत्रित संचासारखीच) होती. पुष्कळांना याचे वाईट वाटले. मला मात्र हा तिचा गुण वाटतो, कारण ज्या सर्व्हरवर डिस्पॅचची कागदपत्रे अवलंबून असतात, तिथे नवलाईपेक्षा वर्षानुवर्षे पारखलेले सॉफ्टवेअर केव्हाही बरे. शिवाय २०१९ वर असलेल्यांना नेहमीच्या अपडेटप्रमाणे त्याच सर्व्हरवर पुढे जाता येते. २०१६ वाल्यांना तसे करता येत नाही. त्यांना नवे विंडोज, नवे यंत्र आणि एकेक मेलबॉक्स हलवण्याचे काम अटळ आहे. मेलबॉक्स हलत असताना वापरणाऱ्याचे काम थांबत नाही, शेवटी आउटलुक एकदा बंद करून उघडावे लागते, इतकेच.

खर्चाबाबत भाड्याची सेवा वरचढ दिसते, आणि लहान कार्यालयासाठी ती खरोखरच वरचढ आहे. नव्या एक्स्चेंजच्या मेलबॉक्स सर्व्हरसाठी १२८ जीबी मेमरीची शिफारस आहे, परवान्याचे पैसे एकदा भरून सुटत नाहीत, आणि बॅकअप, यूपीएस, वातानुकूलन हे सगळे आपल्याच माथी येते. मेल खरोखर आपल्याच डोमेनवरून आली हे पटवणाऱ्या डीकेआयएम या डिजिटल सहीची सोयसुद्धा एक्स्चेंजमध्ये मुळात नाही. ती वेगळी जोडावी लागते. हे काम जाणणारा माणूस कारखान्यात नसेल, तर पुढचे न वाचता भाड्याची सेवा घ्यावी, असे मी मनापासून सांगेन.

आमच्याकडे पारडे फिरले ते एका कारणाने. निर्णय होईपर्यंत डिझाइन आणि क्वालिटी हे दोन विभाग आम्ही बाहेरच्या सेवेवर ठेवून पाहिले. फौंड्रीतील मेल आकाराने मोठी असते: कास्टिंगची ड्रॉइंग, पॅटर्नच्या थ्रीडी फाइली, एक्स-रे तपासणीची छायाचित्रे, वाहन कंपन्यांना द्यायची पीपीएपीची (उत्पादनापूर्वी सुट्या भागाला मंजुरी घेण्याची) कागदपत्रे. यातील बहुतेक मेल कारखान्याबाहेर जातच नाही. डिझाइनकडून ती पॅटर्न शॉपला, मेथड्सला (ओतकामाची पद्धत ठरवणाऱ्या विभागाला), क्वालिटीला आणि मोल्डिंगच्या सुपरवायझरांना जाते. मेल बाहेरच्या सेवेवर असली की ही फाइल आपल्या लाइनवरून एकदा वर जाते आणि ज्यांना ती पाठवली त्या प्रत्येकाच्या आउटलुकमध्ये त्याच लाइनवरून पुन्हा खाली उतरते. दुपारनंतर, गाड्या भरण्याच्या वेळी, सगळे विभाग एकदम रिपोर्ट पाठवू लागले की शेजारच्या टेबलावरची मेल यायला चहा पिऊन यावे इतका वेळ लागे, आणि लाइन बंद पडली की भिंतीपलीकडच्या माणसाला ड्रॉइंग पाठवणेही बंद होई. मोजमापाचे आकडे मी ठेवलेले नाहीत. पण त्या दिवसांत लोक पेन ड्राइव्ह घेऊन विभागाविभागांत फिरू लागले, आणि ड्रॉइंगची जुनी आवृत्ती शॉपवर राहण्याची भीती नेमकी तिथेच असते.

आकाराची मर्यादा हा त्याच अडचणीचा दुसरा भाग. मेलमधून जाताना फाइल सुमारे एकतृतीयांशाने फुगते, म्हणून २५ एमबीची मर्यादा सांगणाऱ्या सेवेत प्रत्यक्षात अठरा एमबीच्या आसपासच फाइल बसते. स्वतःच्या सर्व्हरवर अंतर्गत मेलची मर्यादा आपण ठरवतो. ग्राहकाकडे मोठी फाइल पाठवायची तर त्याच्या सर्व्हरची मर्यादा लागू होतेच, त्यामुळे तिथे दोन्ही पर्याय सारखेच अपुरे आहेत.

भाड्याच्या सेवेची सर्वांत भक्कम बाजू महापुरात दिसते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले होते. अशा वेळी कारखान्यातील सर्व्हरपर्यंत कोणी पोचू शकत नाही, आणि बाहेरची मेल मात्र घरूनही दिसते. पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेल रांगेत धरून ठेवतो हे खरे; त्यासाठी इंटरनेट मेलच्या मानकात किमान चार-पाच दिवस सुचवले आहेत, पण एक्स्चेंजची मूळ मुदत दोनच दिवसांची आहे, त्यामुळे केवळ रांगेवर विसंबता येत नाही. आम्ही कोल्हापूरबाहेर एक राखीव मेल रिले घेतला आहे. मुख्य सर्व्हर बंद असताना मेल तिथे साठते. तेवढ्याने दोन्ही बाजू समान झाल्या असे मी म्हणणार नाही, कारण साठलेली मेल पाणी ओसरेपर्यंत वाचता येत नाही. मात्र पूर वर्षातून काही दिवसांचा असतो आणि ड्रॉइंगची ये-जा रोजची, म्हणून आम्ही सर्व्हर कारखान्यातच ठेवला.

वेबमेल उघड्या इंटरनेटवर न ठेवता व्हीपीएनमागे, म्हणजे फक्त आपल्याच लोकांना उघडणाऱ्या सुरक्षित जोडणीमागे, ठेवणे ही मी या पर्यायाची अट मानतो. २०२१ च्या हल्ल्यांत बाहेरून थेट पोचता येणारे सर्व्हरच सापडले होते. अपडेट त्या त्या महिन्यात बसवण्याची तयारी नसेल, तर स्वतःचा सर्व्हर ठेवू नये.

ज्यांची बहुतेक मेल बाहेरच्या ग्राहकांशी होते आणि फाइली लहान असतात, अशा व्यापारी पेढीला किंवा सल्लागार कार्यालयाला यातले काही लागू पडणार नाही. पण ज्यांची मोठी मेल कारखान्याच्या आवारातच फिरते आणि जे अजून २०१६ वर आहेत, त्यांनी आणखी थांबू नये, असे मला वाटते. जुन्या आवृत्त्यांसोबत एकत्र चालण्याची सवलत पुढील अपडेटांत काढून घेणार असल्याचे कंपनीने आधीच जाहीर केले आहे, आणि मेलबॉक्स हलवण्यासाठी ती सवलतच लागते.