तारा बद्द वाजतात? पिकअप बदलून घेण्याआधी हे वाचा

बनावट तारा आणि खोटं निदान यांची जोडी जमली की इलेक्ट्रिक गिटारवाला दोनदा लुटला जातो. त्याचं हे एक प्रकरण.

स्ट्रॅटोकास्टर घाटाची, तीन सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपची गिटार. पिकअप म्हणजे तारांखालचा चुंबक आणि तारेची गुंडाळी असलेला भाग, जो तारेच्या कंपनाचा विद्युत संकेत बनवतो. मालकाने ऑनलाइन १०-४६ चा (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच, सर्वांत जाड ०.०४६ इंच) तारांचा सेट २८० रुपयांना घेतला. पाकीट नामांकित कंपनीचं, किंमत नेहमीच्या निम्म्याहून कमी. तारा चढवल्या त्याच दिवशी खर्जाच्या तीन जाड तारा बद्द वाजू लागल्या. सूर निघायचा, पण खणखणाट नाही आणि आस लगेच विरायची. दुकानात नेल्यावर कारागिराने दोन कॉर्ड ऐकून निकाल दिला: ‘मॅग्नेट उतरलेत, तिन्ही पिकअप बदला.’ ९,५०० रुपये घेतले, जुने पिकअप भंगार म्हणून ठेवून घेतले आणि जाता जाता ताराही नव्या घातल्या. आवाज अर्थातच खुलला. पिकअपनेच काम केलं, असं मालकाला वाटलं. दोन महिन्यांनी त्याने पुन्हा तोच स्वस्त सेट चढवला आणि आवाज पुन्हा बसला, तेव्हा कुठे उलगडा झाला. नवे पिकअप बिनब्रँडचे निघाले. मूळचे चांगले पिकअप गेले ते गेलेच.

‘मॅग्नेट उतरलेत’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. पिकअपमधला अल्निको या मिश्रधातूचा चुंबक नेहमीच्या वापरात दोन-चार वर्षांत आपोआप उतरत, म्हणजे कमजोर होत नाही. पिकअपच्या गुंडाळीतले वेढे आपसांत शॉर्ट झाले तर आवाज खरोखर बसतो, पण तीन स्वतंत्र गुंडाळ्या तारा बदलल्याच्याच दिवशी एकदम बिघडतील हे पटणारं नाही.

पहिली परीक्षा फुकट आहे. केबल काढून टाका, बॉडीच्या वरच्या शिंगाला कान लावा आणि एकेक तार छेडा. तिथेही तार बद्द ऐकू आली तर पिकअप बिघडलेला नाही, कारण तो अजून साखळीत आलेलाच नाही. आता तीच तार पहिल्या फ्रेटवर (दांडीवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीवर) दाबून वाजवा. मोकळी बद्द आणि दाबल्यावर स्वच्छ असेल तर नटची, म्हणजे दांडीच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, खाच बिघडली आहे. एखाद-दोन फ्रेटवरच आवाज मरत असेल तर फ्रेट झिजलेत किंवा उंचसखल आहेत. सगळीकडेच बद्द असेल तर संशय तारांवर. खात्रीच्या दुकानातून एक सुटी चौथी तार, २६ ची, आणून फक्त तेवढी बदला. शेजारच्या पाचवीपेक्षा ती स्पष्ट उजळ वाजली की निदान पूर्ण.

मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत खऱ्या ताराही लवकर मरतात, हेही ध्यानात घ्या. घाम आणि मळ वेढ्यांत बसतो, गंज चढतो, फ्रेटखालच्या जागी तारेला खाचा पडतात. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तार वरून आणि खालूनही पुसा.

बनावट सेट मात्र पाकिटातून काढतानाच मेलेला असतो. त्यात गाभ्यावरची गुंडाळी सैल असते आणि तारेची जाडी सगळीकडे सारखी नसते. १०-४६ च्या प्रचलित सेटमध्ये जाडी अनुक्रमे ०.२५, ०.३३, ०.४३, ०.६६, ०.९१ आणि १.१७ मिमी असते. मायक्रोमीटरने एकाच तारेवर तीन जागी मोजा. आकडे हलले तर तार खोटी समजा. दुसरी खूण बाराव्या फ्रेटची: तिथला हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा आधार) कितीही सरकवला तरी जुळत नाही. कधी कधी पाकिटात चक्क अकूस्टिकच्या फॉस्फर ब्राँझ तारा निघतात. ब्राँझला चुंबक ओढत नाही, फक्त आतला पोलादी गाभा पिकअपला ‘दिसतो’, म्हणून जाड तारा अॅम्पवर पडेल वाजतात. त्यांचा तांबूस रंगच सांगून जातो.

पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि निर्मितीचा देश छापलेला हवा. आयात मालावर ते कायद्याने बंधनकारक आहे. डॅडारिओ या कंपनीच्या सेटमध्ये बॉल एंड (तारेच्या टोकाचे धातूचे मणी) रंगीत असतात, पहिलीपासून सहावीपर्यंत रुपेरी, जांभळा, हिरवा, काळा, लाल, पितळी. पण रंगाची नक्कल सहज होते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका.

केबलशिवाय तारा उजळ आणि अॅम्पवरच बद्द असतील, तर आधी केबल बदलून पाहा. केबल जितकी लांब तितका तिचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण) जास्त आणि तितका ट्रेबल (आवाजातला उंच, उजळ भाग) कमी. मग पिकअपची उंची: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सिंगल कॉइलपासूनचं अंतर साधारण २ ते २.४ मिमी असावं. फार वर असेल तर चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर थरथरत विरतो.

एवढं करूनही कुणी पिकअपवरच बोट ठेवलं तर समोर मल्टिमीटर लावायला सांगा. केबल गिटारला जोडलेली, व्हॉल्यूम पूर्ण, मीटर २० किलोओहमवर, मीटरची दोन टोकं केबलच्या मोकळ्या जॅकच्या टिप (टोक) आणि स्लीव्हला (बाहेरची नळी). निवड-स्विचने एका वेळी एकच पिकअप घ्या. सिंगल कॉइल बहुधा ५ ते ८ किलोओहम दाखवते. गुंडाळी तुटली असेल तर मीटर पल्ल्याबाहेर जातो, कारण मग फक्त व्हॉल्यूम पॉटचा (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या बदलत्या रोधकाचा) २५०-५०० किलोओहमचा रोध उरतो. बॅटरीवरच्या अॅक्टिव्ह पिकअपला ही मोजणी लागू नाही. तिथे आधी नऊ व्होल्टची बॅटरी बदला.

गिटार दुरुस्तीला देताना पिकअपचे फोटो काढा, मागच्या बाजूचे शिक्के-आकडेही. काढलेला प्रत्येक भाग परत मिळेल असं पावतीवर लिहून घ्या. बनावट सेट आला असेल तर पाकीट, बिल आणि मोजणीचे फोटो जपून ठेवून विक्रेत्याकडे लेखी परतावा मागा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.