ब्रेक लाईटचा प्लग काढून ठेवला आणि बिल लावलं वायरिंगचं

माझे १३,५०० रुपये गेले, ते मी एक वेळ विसरेन. पण गॅरेजवाल्याने मला न सांगता गाडीचे ब्रेक लाईट बंद करून ठेवले आणि मी त्याच गाडीत ७८ वर्षांच्या आईला मागे बसवून खंबाटकी घाट उतरलो, हे काही केल्या डोक्यातून जात नाही. ज्यांच्याकडे बारा-पंधरा वर्षांची गाडी आहे त्यांनी हे वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी २००७ सालची, छोटी, पेट्रोलवरची. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. सोसायटीत गाडी लावतो ती पाठ भिंतीकडे करून, त्यामुळे मागचे दिवे कोणाच्या नजरेला पडत नाहीत. मागच्या पावसाळ्यात एका सोमवारी सकाळी किल्ली फिरवली तर नुसतंच कट-कट. शेजाऱ्यांच्या गाडीला केबल लावून ती सुरू केली आणि आमच्या नेहमीच्या गॅरेजला नेली. सहा वर्षं मी तिथेच जात होतो. दिवाळीला त्याच्या घरी आमच्याकडचा फराळ जायचा, इतका घरोबा.

बॉनेट उघडून तो म्हणाला, "बॅटरी गेली, साहेब." मी म्हटलं, अहो, १४ महिने झालेत फक्त, वॉरंटीत आहे. तर म्हणे, "वॉरंटीला दिली की आठ दिवस ठेवून घेतात आणि चार्ज करून तीच परत देतात. तोवर गाडी उभी ठेवणार का?" मला ऑफिस गाठायचं होतं. जुनी देऊन वर ४,२०० भरले आणि नवी बसवून घेतली. मीटर लावून बघ, असं म्हणायचं मला सुचलं नाही आणि त्यानेही तो लावला नाही.

मंगळवारी सकाळी परत तेच. आता दोष अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाचा ठरला. "चार्जिंगच होत नाही, नवी बॅटरी पण मारून टाकेल." अल्टरनेटर खोलून ब्रश, बेअरिंग, कॉइलचं काम, ३,८०० रुपये. गाडी शुक्रवारी हातात आली आणि शनिवारी सकाळी पुन्हा बंद.

त्या शनिवारी मी बॉनेट उघडून उभा असताना आमचे वॉचमनकाका जवळ आले. "साहेब, रात्री तुमच्या गाडीमागच्या भिंतीवर लाल उजेड असतो. पहाटे पहाटे मंद होत जातो." हे मी जसंच्या तसं गॅरेजवाल्याला फोनवर सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "मग वायरिंगमध्ये शॉर्ट आहे. मागचं सगळं वायरिंग बदलावं लागेल." दोन दिवस गाडी ठेवून घेतली, ५,५०० घेतले. त्यानंतर खरोखरच गाडी रोज सकाळी पहिल्या झटक्यात सुरू व्हायला लागली. रात्री खाली जाऊन भिंत बघितली, उजेड नव्हता. हेडलाईट लावले की मागचे लाल दिवेही लागत होते. माझं समाधान झालं, आणि तिथेच मी फसलो.

तीन आठवड्यांनी आईला घेऊन साताऱ्याला बहिणीकडे निघालो. पाऊस, धुकं, घाटात ट्रकांची रांग. मागचा एक टेम्पो सारखा हॉर्न मारत होता, अगदी अंगावर येत होता. मला त्याचा राग येत होता. सुरूर फाट्यावर चहाला थांबलो तर तोही आमच्या मागे येऊन थांबला. ड्रायव्हर उतरला आणि म्हणाला, "दादा, तुमच्या गाडीचं ब्रेकलाईट एक बी लागंना. घाटात दोनदा तुमच्यावर आलो असतो. म्हातारं माणूस बसलंय मागं, जरा बघा की." माझ्या हातातला कप थरथरला. मी ज्याच्यावर चिडलो होतो तो मला सावध करत होता.

साताऱ्यात बहिणीच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने आधी मागचे बल्ब काढून उजेडात धरले. या बल्बमध्ये दोन तारा असतात, एक ५ वॅटची आणि एक २१ वॅटची. हेडलाईटबरोबर लागते ती बारीक, ब्रेक दाबला की लागते ती जाड. म्हणून मागे लाल दिवा दिसला म्हणजे ब्रेक लाईट चालू आहे असं होत नाही. दोन्ही बल्ब चांगले होते. हॉर्न वाजत होता, म्हणजे फ्यूजही शाबूत, कारण माझ्या गाडीत हॉर्न आणि ब्रेक लाईट एकाच फ्यूजवर आहेत. मग तो टेस्ट लॅम्प घेऊन डॅशबोर्डखाली शिरला आणि मिनिटभरात मला म्हणाला, "साहेब, वाकून बघा."

ब्रेक पेडलच्या वर ब्रेक लाईटचा एक छोटा स्विच असतो. त्याचा दोन वायरींचा प्लग ओढून काढलेला होता आणि त्याच्या तोंडाला काळी टेप गुंडाळलेली होती. आजूबाजूच्या वायरींवर वर्षानुवर्षांची धूळ, टेप मात्र नवीकोरी. "लॉक दाबल्याबिगर हे सुटत नाय. कोणीतरी मुद्दाम काढलंय," तो म्हणाला. त्याने प्लग परत जोडला. पेडलला हातही न लावता मागचे दोन्ही ब्रेक लाईट लागले आणि लागूनच राहिले.

सगळ्या कहाणीचं मूळ हे होतं. पेडलच्या दांडीवर एक प्लॅस्टिकचं बटण असतं, नखाएवढं. पाय काढला की पेडल वर येतं, बटण स्विचची पिन आत दाबून धरतं आणि दिवा विझतो. जुन्या गाडीत हे प्लॅस्टिक वाळतं, एक दिवस त्याचा भुगा होऊन मॅटवर पडतो आणि पिन दांडीच्या भोकातून मोकळी बाहेर येते. मग ब्रेक लाईट अखंड चालू, किल्ली काढली तरीही. माझ्या मॅटवरचे ते तुकडे मीच कधी तरी झाडून टाकले असणार. आता हिशोब बघा. २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ४२ वॅट, १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. दहा तासांत खलास. मी रात्री आठला गाडी लावायचो आणि सकाळी सातला किल्ली फिरवायचो.

नवं बटण आणि मजुरी मिळून त्याने १५० रुपये घेतले. मागची डिकी उघडून दाखवली. वायरिंग कंपनीचंच, मूळ वेष्टणासकट. एक इंचही बदललेलं नव्हतं.

बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वेळी गॅरेजवाल्याला खरंच कळलं नसेल, असं मी एक वेळ मानतो. न तपासता पार्ट बदलणं हा अडाणीपणा झाला. पण लाल उजेडाचं मी सांगितल्यावर त्याला दोष सापडला होता. वीस रुपयांचं बटण बसवायच्या ऐवजी त्याने प्लग काढला, म्हणजे बॅटरी उतरणार नाही आणि ५,५०० मागता येतील. पुण्याला परतल्यावर फोटो दाखवला तेव्हा आधी म्हणाला, "पोराने काढला असेल." मग म्हणाला, "तात्पुरता काढला होता, सांगायचं राहिलं." बदललेलं जुनं वायरिंग दाखव म्हटलं तर गप्प. माझी १४ महिन्यांची बॅटरी तर कधीच विकली होती. पैसे एक रुपयाही परत दिले नाहीत.

बिल म्हणजे लेटरपॅडचा कागद, जीएसटी नंबर नाही, "वायरिंग काम" एवढंच लिहिलेलं. सुदैवाने पैसे यूपीआयने दिले होते. ती नोंद, टेपचे फोटो आणि साताऱ्याची पावती जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद तयार करतोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

तुमची बॅटरी रात्रीत उतरत असेल तर गॅरेजला जायच्या आधी अंधारात गाडीभोवती एक चक्कर मारा. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावायला सांगा. १४ व्होल्टच्या आसपास दिसले तर अल्टरनेटर खोलायचं कारण नाही. बंद गाडीची निगेटिव्ह वायर काढून मध्ये मीटर लावला की किती करंट गळतोय ते दिसतं. सगळं ठीक असेल तर तो ५० मिलिअँपिअरच्या आतच असतो. एकच ब्रेक लाईट गेला तर बल्ब बघा, दोन्ही एकदम गेले तर फ्यूज आणि पेडलवरचा स्विच. बदललेला जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता कुठेही लांब निघायचं तर बायको गाडीच्या मागे जाऊन उभी राहते. मी ब्रेक दाबतो, ती म्हणते, "लागला." मी पाय काढतो, ती म्हणते, "विझला." हे दोन्ही ऐकलं की मगच आई गाडीत बसते.